सुरी खाली पडली होती

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मी ओटाहुहुच्या औषधांच्या दुकानाचं शटर वर करत होते, तेव्हा आतला फोन वाजायला लागला. कुलूप काढून आत पोहोचेपर्यंत तो थांबला आणि पुन्हा वाजला. सुलभावहिनी होत्या. "उज्ज्वला, आज दुकान उघडू नकोस," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "का हो वहिनी?" पलीकडून नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "तुझे दादा गेले. दाढी करत होते. नळ अजून चालूच आहे बघ… मला बंद करवत नाहीये." वहिनी स्वतः पंचवीस वर्षं नर्स. हॉस्पिटलात कितीतरी माणसं त्यांच्या हातांत गेली असतील. त्यांना नळ बंद करता येत नव्हता.

त्याला आता पाच आठवडे झाले. शशिकांत मोहिते, म्हणजे वहिनींचे यजमान आणि ऑकलंडमधल्या बहुतेक मराठी माणसांचे शशीदादा, आमच्या मंडळाचे अडीच वर्षं अध्यक्ष होते. तरी मंडळाने शोकसभा घेतली नाही. अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी दोघातिघांनी मला फोन करून दबक्या आवाजात विचारलं, "जायचं का गं?" आणि मी गेले म्हटल्यावर काहींनी नंतर विचारलं, "तू? तू कशी काय गेलीस?" त्यांचं बरोबर होतं. याच वर्षी फेब्रुवारीत दादांनी मला दोनशे माणसांसमोर मारलं होतं. माझ्या डाव्या कानाला तेव्हापासून नीट ऐकू येत नाही. आणि त्यांची खुर्ची गेली ती माझ्या एका शब्दाने. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही. पण बाकी कोणी लिहिणार नाही, हे ठाऊक आहे.

मी इथे आले तेव्हा पुण्याची फार्मसीची पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव गाठीशी होता, पण त्याला इथे कोणी विचारत नव्हतं. परीक्षा देता देता मी दहा-बारा दुकानांत अर्ज केले. सगळीकडून गोड शब्दांत नकार आला. ओटाहुहुचं दुकान दादांचं. त्यांनी माझा अर्ज वाचलाही नाही. "पुण्याची आहेस ना? मग बोलायला कमी पडणार नाहीस. सोमवारपासून ये," म्हणाले. कोल्हापूरचा माणूस. तरुणपणी तालमीत घुमलेला, त्यामुळे मान आणि खांदे एकच वाटायचे. आवाज मात्र इतका मऊ, की काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्या बायका ऐकण्यासाठी पुढे झुकायच्या आणि झुकल्यावर खूष व्हायच्या. कोणाची मुलगी लोअर हटला राहते, कोणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन कधी आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. रस्त्यावरून चालताना दर दहा पावलांवर कोणीतरी हात वर करून माओरीत नमस्कार घालायचं, "किया ओरा, डॉक!" दादा डॉक्टर नव्हते, पण ते कधी ही चूक दुरुस्त करत नसत.

मला नोकरीला लागून दोन महिने झाले असतील. एक आडदांड माणूस आला. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होते, तर त्याने माझ्या उच्चारांची नक्कल केली, ते पाकीट माझ्या तोंडावर फेकलं आणि म्हणाला, "इंग्रजी येतं अशा कोणाला तरी बोलाव." दादा मागच्या खोलीतून बाहेर आले. शांतपणे वाकून त्यांनी पाकीट उचललं, माझ्या हातात दिलं आणि पुढच्या क्षणी तो माणूस दाराच्या काचेला चिकटलेला होता. दादांच्या मुठीत त्याची कॉलर, त्याच्या टाचा जमिनीपासून वर. काच कडकडली. "बाईंना सॉरी म्हण," दादा त्याच मऊ आवाजात म्हणाले. तो म्हणाला. मग दादांनी त्याची कॉलर नीट केली, खांद्यावरची नसलेली धूळ झटकली आणि विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे आता?" तो माणूस पुढेही आमचंच गिऱ्हाईक राहिला. घरी जाताना मला त्या दिवशी फार सुरक्षित वाटत होतं. त्याच्या चेहऱ्याचा उडालेला रंग मी पाहिला होता… पण तो मी सोयीने विसरून गेले.

शहाण्णवच्या हिवाळ्यात, दुपारी चारच्या सुमाराला, ग्रँट आत शिरला. त्याचं नाव तेव्हा माहीत नव्हतं. बारीक चणीचा, पंचविशीतला गोरा माणूस, उंचीने माझ्याएवढा, पुढचा एक दात नसलेला. बाहेर गारा पडत होत्या आणि तो नुसत्या टी-शर्टवर होता. हातात मासे साफ करायची सुरी. त्याला कुलपातल्या गुंगीच्या गोळ्या हव्या होत्या. मी चावी शोधत होते. दादा पुढे झाले, त्याने सुरी फिरवली आणि दादांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा झाला. रक्त काउंटरवरच्या पावत्यांवर पडलं. दादांनी शोभेला ठेवलेला लोखंडी बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुरी पडली आणि घसरत घसरत शाम्पूच्या रॅकखाली गेली. तो गुडघ्यांवर बसला. "सॉरी मेट, सॉरी, सॉरी…"

इथे हे संपायला हवं होतं. दादांनी बत्ता पुन्हा उचलला. खांद्यावर. मग डोक्यावर. मग चेहऱ्यावर. त्याने डोक्यावर धरलेले हातही मोडले. मी "दादा, बास" म्हणाले. मोठ्याने म्हणाले की नुसतं पुटपुटले, ते पुढची तीन वर्षं मला ठरवता आलं नाही. ते थांबले ते दम लागला म्हणून.

पोलीस आले तेव्हा दादा खुर्चीवर बसले होते आणि मी त्यांच्या हाताला बँडेज गुंडाळत होते. तरुण कॉन्स्टेबल वही काढून माझ्याकडे वळला. दादांनी मला शुद्ध मराठीत, जेवायला वाढ म्हणावं इतक्या सहज सांगितलं, "उज्ज्वला, सुरी त्याच्या हातात होती. शेवटपर्यंत." कॉन्स्टेबलने विचारलं, "काय म्हणतायत ते?" मी म्हणाले, "बँडेज घट्ट झालंय म्हणतात." आणि मग मी सांगितलं, सुरी त्याच्या हातात होती. शेवटपर्यंत. खाली सही केली. सुरी रॅकखाली कशी गेली, हे मला कोणी विचारलं नाही. ग्रँटचा एक डोळा गेला आणि तो तुरुंगातही गेला.

पुढच्या आठवड्यात दादांचा फोटो पेपरात आला. गळ्यात अडकवलेला हात, मागे ओटाहुहुचं दुकान. त्या दिवसांत आपल्या लोकांच्या डेअऱ्यांवर, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानांवर, वरचेवर हल्ले होत होते आणि माणसं घाबरलेली होती. मंडळाच्या सभेत दादा उभे राहिले आणि म्हणाले, "आपण इथे पाहुणे नाही. पाहुण्याने मार खायचा असतो. घरच्या माणसाने नाही." सभागृह उभं राहिलं. माझा नवरा कधी कोणाच्या पाया पडत नाही. तो त्या दिवशी दादांच्या पाया पडला. दादा बिनविरोध अध्यक्ष झाले.

आणि मग मला एक गोष्ट दिसायला लागली, ती फक्त मलाच दिसू शकत होती. प्रत्येक भाषणात ग्रँट वाढत होता. पहिल्या भाषणात तो "चांगला दणकट" होता. गणपतीत सहा फुटी झाला. दिवाळीपर्यंत दोघे जण झाले होते आणि दुसऱ्याच्या कातडीचा रंगही दादांनी सांगून टाकला होता. लोक मान डोलवायचे. त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक सामोअन, प्रत्येक माओरी गिऱ्हाइकाच्या हाताकडे आमची माणसं आधी बघायला लागली. दादांनी वीस-पंचवीस जणांचं रक्षक पथक काढलं. हॉकी स्टिका घेऊन ही मंडळी पाळीपाळीने दुकानांत बसायची. दिवसभर ऑफिसात मान खाली घालून काम करणारी माणसं संध्याकाळी स्टिक हातात आली की वेगळीच चालायची. मला भीती वाटायची, पण मी दुकानात होते, मी साक्षीदार होते. मला मंडळात पहिल्या रांगेत बसवत.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात पथकाने हेन्डरसन भागातल्या एका डेअरीत एका निवृत्त बसड्रायव्हरला फोडून काढलं. सत्तरीचा सामोअन म्हातारा. नासलेलं दूध परत द्यायला आला होता, कोटाच्या आतून बाटली काढायला त्याने हात घातला, एवढंच. गळ्याच्या हाडाचे तुकडे झाले, चार बरगड्या मोडल्या. त्याच्यावर उपचार केले ते डॉक्टर दिवेकरांनी. दिवेकर हाडांचे डॉक्टर, मंडळाचे जुने सभासद आणि दादा अध्यक्ष झाले त्या दिवशी फुलांचा हार आणणारे. ते दादांकडे गेले. दादा म्हणाले, "मी त्यांना हात उगारायला सांगितलं नव्हतं." दिवेकर म्हणाले, "दादा, दोन वर्षं तुम्ही दुसरं काय सांगत होतात?" आणि त्यांनी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव दिला.

त्याच महिन्यांत टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षांवरचा महाभियोग चालू होता. त्यामुळे आमच्या ठरावालाही लोक महाभियोगच म्हणायला लागले, आधी थट्टेने आणि नंतर अगदी गंभीरपणे. दादा तो खटला वेड्यासारखा बघायचे. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. दादा हसत म्हणाले, "बघ, एवढा मोठा माणूस, आणि बायकांच्या भानगडीवरून काढतायत त्याला." स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भानगडीवरून नाही. शपथेवर खोटं बोलला म्हणून." दादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वहिनींना माहीत होतं की नाही, हे मला आजही विचारवत नाही.

जानेवारीत एक बाई आईचं औषध न्यायला दुकानात आली. चाळिशीची, हॉटेलच्या लाँड्रीत काम करणारी. तिने औषध घेतलं आणि तिथेच उभी राहिली. "मी शेरील. ग्रँटची बहीण," म्हणाली. ती भांडायला आली नव्हती. "तो चोर आहे, मला माहितीय. माझंही चोरलंय त्याने. पण तो म्हणतो सुरी खाली पडली होती, आणि तो मला दुसरं सगळं खोटं सांगतो, हे मात्र कधी बदलत नाही. तू इथे उभी होतीस ना?" मी पावती फाडून तिच्यापुढे सरकवली. ती "चिअर्स" म्हणाली, म्हणजे इथलं थँक्यू, आणि गेली.

सभा फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी हेन्डरसनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. आदल्याच दिवशी बातमी आली होती, अमेरिकेच्या अध्यक्षांना सिनेटने सोडलं. दादा नवा शर्ट घालून आले होते. "त्याला सोडलं. मलाही सोडतील," दारात मला म्हणाले. हॉलमध्ये उकाड्याने जीव जात होता. दिवेकरांनी म्हाताऱ्याच्या दुखापती एकेक करून सांगितल्या. पथकातले लोक मागून ओरडत होते. मग दादा उठले, आणि काय सांगू… दहा मिनिटांत त्यांनी हॉल परत जिंकला. विमानतळाबाहेर थंडीत कुडकुडणारे आपण, आपल्या उच्चारांना हसणारे ते, दुकानात रक्त सांडणारा मी. लोक रडत होते. मीही टाळ्या वाजवल्या, हे लपवत नाही. दादांनी शर्टाची बाही वर करून तो लांब वण दाखवला आणि बोट माझ्याकडे केलं. "माझ्यावर विश्वास नसेल तर उज्ज्वलाला विचारा! ती तिथे होती. सांग गं, सुरी त्याच्या हातात होती की नव्हती?"

दोनशे माणसं वळली. हो म्हणायला काही लागलं नसतं. सही तर आधीच केलेली होती. पण त्यांनी तो प्रश्न मला विचारायला नको होता.

"नव्हती, दादा," मी म्हणाले. "खाली पडली होती. तो सॉरी म्हणत होता."

मग दादा स्टेजवरून उतरले. लोक बाजूला झाले. मला वाटलं ते काही बोलतील. त्यांनी उघड्या पंजाने माझ्या कानशिलात मारली आणि मी खुर्च्यांसकट आडवी झाले. डाव्या बाजूचं जग एकदम बंद झालं, नुसती शिट्टी. तोंडात रक्त आलं. आणि मी खालून पाहिलं ते मला आयुष्यभर पुरेल. ज्यांनी त्यांना हार घातले होते, पायांना हात लावले होते, ते सगळे त्यांच्यावर तुटून पडले. पथकातलेही. कोणीतरी खुर्ची उचलली, कोणी माईकचा स्टँड. दादा पडले. एक सज्जन गृहस्थ, रोज पूजा करणारे, दादांच्या बरगड्यांत लाथा घालत होते आणि प्रत्येक लाथेला म्हणत होते, "फसवलंस, फसवलंस!" दादांनी डोक्यावर हात धरले होते. माझा नवरा मला ओढून बाहेर काढत होता. मी त्याचा हात झटकला आणि ओरडले, "बास! खाली पडलाय तो! खाली पडलाय!" या वेळी मोठ्याने ओरडले, हे नक्की. दिवेकर पुढे घुसले आणि दादांच्या अंगावर आडवे पडले. दोन लाथा त्यांनाही बसल्या. मग पोलीस आले.

ठरावावर मतदान झालंच नाही. त्याची गरजही उरली नव्हती. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी जे पाहिलं ते सांगितलं, नावांसकट. त्यातली चार घरं आज माझ्याशी बोलत नाहीत. दादांचा जबडा आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या. कोणी मारलं, असं त्यांना विचारल्यावर त्यांनी मोडक्या जबड्यातून सांगितलं, "दिसलं नाही." घरी माझा सुजलेला चेहरा बघून माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "मम, डिड दादाकाका डू दॅट? बट ही इज अवर प्रेसिडेंट."

मी दुकान सोडणार होते. वहिनी घरी आल्या, म्हणाल्या, "गिऱ्हाइकांना औषधं कोण देणार? ते येत नाहीत तोवर तरी ये." मी गेले. दादा मे महिन्यात आले. वीस किलो उतरलेले, गाल बसलेले. काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहिले. "चल, पोलीस स्टेशनला जाऊन येऊ," म्हणाले. ना माफी, ना दुसरा शब्द. आम्ही चालत गेलो. वाटेत कोणी हात वर केला नाही. तिथे बसून त्यांनी सगळं सांगितलं. इंग्रजीत, सावकाश. सुरी कुठे पडली, नंतर कितीदा मारलं, मला खोटं बोलायला कसं सांगितलं. शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, आणखी काही? दादा म्हणाले, "हिने बास म्हटलं होतं. मी ऐकलं होतं."

मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. तीन वर्षं मी जे ठरवू शकले नव्हते, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

मला समज देऊन सोडलं. दादांवर खटला उभा राहणार होता, कोर्टाची तारीख नोव्हेंबरची होती. ते हे कशासाठी करत होते? पश्चात्ताप होता, की मला एकटीला तोंड द्यावं लागू नये म्हणून, की सगळं गमावलेल्या माणसाला उरलेलं एकच शौर्य करून दाखवायचं होतं… मी विचारलं नाही. शेरीलला मात्र मी सांगितलं. ती म्हणाली, "ग्रँटला सांगितलं मी. टीव्हीचा आवाज मोठा केला त्याने." खटला उभा राहण्याआधीच दादांचं हृदय थांबलं. त्यांना शिक्षा झाली नाही आणि क्षमाही मिळाली नाही. मला अजून त्यांचा राग येतो. हे लिहितानाही आला.

गेल्या शनिवारी दुपारी दुकानात फोन वाजला. विमानतळावरून एक मुलगी बोलत होती. नाशिकची, नर्स, इथे नोकरी लागलेली. "मोहितेकाका आहेत का? न्यायला येतो म्हणाले होते." ऑगस्टमध्ये त्यांनी तिला पत्र लिहिलं होतं, दोनदा फोन केला होता. मी दुकान बंद करून गेले. ती आगमनाच्या दारापाशी पातळ स्वेटरमध्ये उभी होती. "काका कुठे?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती बॅगेवर बसली आणि कधी न पाहिलेल्या माणसासाठी रडायला लागली. सुरीचं, मारहाणीचं तिने काही ऐकलेलं नव्हतं. मीही तिला ते सांगितलं नाही.

तिला वहिनींकडे नेलं. नव्याने येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक मागची खोली असते. गेल्या वीस वर्षांत किती जण पहिले काही दिवस तिथे राहून गेले, वहिनींनाही आठवत नाही. मार खाल्ल्यानंतरच्या हिवाळ्यातही दादांनी त्या खोलीचं पांघरूण बदललं होतं, हीटर दुरुस्त केला होता. मुलीने बॅग ठेवली आणि उशीजवळ भिंतीला चिकटवलेला कागद वाचायला लागली. दादांचं मोठं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. वहिनी दारातच थांबल्या. मुलगी मोठ्याने वाचत होती, "पहिल्या दिवशी थंडी वाजते. लाजू नका, इलेक्ट्रिक ब्लँकेट लावा. बटण पलंगाच्या डावीकडे. रडू आलं तर रडा, सगळ्यांना येतं. काही लागलं तर हाक मारा. मी शेजारच्याच खोलीत आहे."